तिसऱ्याची टिकटिक

"ताई, तू म्हणालीस म्हणून मी तिकडे बघितलंच नाही."

धाकटा भाऊ हे अगदी सहज बोलून गेला. आवाजात तक्रार नव्हती, आणि टोमणा मारणं तर त्याच्या स्वभावातच नाही. काढलेली, प्लगला वीज देणारी जुनी कॉइल आणि ठिणगी पाडणारे चार जुने प्लग असलेली पिशवी त्याने टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेला. मी पिशवी उघडून एकेक वस्तू हातात घेऊन बघत बसले. प्लग चांगले होते. कॉइलही बहुधा चांगलीच होती. गाडीत मात्र फरक नव्हता. उभी राहिली की सीटखालून तीच थरथर, चढावर तेच झटके, डॅशबोर्डवर तोच इंजिनाचा पिवळा दिवा. महिनाभर तो माझ्या एका वाक्यावर विसंबून पैसे घालत राहिला होता. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांबद्दल मी म्हटलं होतं, "इंजेक्टर ठीक आहेत, चारही टिकटिक करताहेत."

ज्या दिवशी हे म्हटलं तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी फार खुशीत होते. बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि मामाचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याची लाकडी मूठ तेलाने आणि हातांनी काळी, गुळगुळीत झालेली आहे. मूठ कानाच्या पुढच्या हाडावर टेकवायची आणि टोक इंजेक्टरच्या अंगावर. टोक टेकलं की इंजिनाची सगळी घरघर मागे हटते आणि त्यातून एक कोरडा, बारीक, नेमका आवाज पुढे येतो. टिक टिक टिक टिक. पहिल्यावर ऐकला, दुसऱ्यावर ऐकला, तिसऱ्यावर जरा जास्त वेळ ऐकला, चौथ्यावर ऐकला. चारही सारखे. भाऊ शेजारी उभा राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. कित्येक वर्षांनी त्या मुठीचा थंड स्पर्श कानाजवळ झाला होता आणि मला वाटलं, येतं अजून. हात विसरलेला नाही.

हात विसरला नव्हता हे खरंच. पण मी काहीतरी विसरले होते.

ही टिकटिक म्हणजे काय, ते मला तोंडपाठ होतं. इंजेक्टरच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यात वीज आली की लोखंडी गाभा वर ओढला जातो, त्याच्याबरोबर सुई उचलली जाते आणि पेट्रोलला वाट मिळते. वीज तुटली की स्प्रिंग सुईला पुन्हा तिच्या बैठकीवर बसवते. उचलताना एक ठोका, बसताना एक ठोका. सुई उचलली जाते ती किती, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, कधी त्याहून कमी. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो, आणि दर वेळी साधारण अडीच हजारांश सेकंदच उघडा राहतो. हा गुणाकार मी एकदा सहज करून पाहिला होता. मिनिटभरात इंजेक्टर एकूण एक सेकंद उघडा असतो. उरलेले ५९ सेकंद तो घट्ट बंद राहतो, आणि त्या एका सेकंदाचे चारशे तुकडे करून दोन-तीन मिलिलिटर पेट्रोल बारीक फवाऱ्याने आत सोडतो. गाडीचं सगळं शहाणपण त्या एका सेकंदात आहे. हे मला इतकं सुंदर वाटतं की कुणी ऐकायला तयार असेल तर मी तासभर बोलू शकते. आणि तरीही त्या दिवशी सुईचा ठोका ऐकून मी पेट्रोलबद्दल निकाल देऊन मोकळी झाले. सुई हलतेय आणि पेट्रोल पुरेसं येतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामाच्या गॅरेजात माझ्या सुट्ट्या गेल्या. कार्बोरेटरचा जमाना तेव्हा मागे पडला होता आणि मामा नव्या डिझेल इंजिनांशी झगडून शिकत होता. जुन्या पंपाच्या डिझेलमध्ये तो चालू इंजिनावर एकेका नळीचा नट सैल करायचा आणि कुठल्या नळीला आवाज बदलत नाही ते बघायचा. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल देणारी रचना, आली आणि ती पद्धत एका दिवसात मोडीत निघाली. रेलमध्ये १६०० बारचा दाब, कुठे त्याहूनही जास्त. डोळ्यांना दिसणार नाही अशा बारीक चिरेतून येणारी धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. त्या नळ्यांजवळ बोट नेलं तर मामा एरवी कधी ओरडायचा नाही तितका ओरडायचा. गळती शोधायची तर पुठ्ठा धरायचा, हात कधीच नाही. हा नियम मी अजून मोडलेला नाही.

त्या डिझेल गाड्यांची एक चाचणी मात्र माझ्या वाट्याला यायची. डिझेल इंजेक्टर आपल्याला मिळालेलं सगळं डिझेल सिलिंडरात सोडत नाही, थोडं परतीच्या नळीने टाकीकडे जातं. आतले भाग झिजले की परत जाणारं डिझेल वाढतं, रेलमध्ये दाब साठत नाही आणि गाडी सुरूच होईना होते. कारण २०० बारच्या पुढे दाब गेल्याशिवाय बरीचशी इंजिनं पेटतच नाहीत. मामा चारही परतीच्या नळ्या काढून त्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या चार सारख्या बाटल्या लावायचा आणि मला समोर स्टुलावर बसवायचा. "पोरी, हलायचं नाही. कुठली आधी भरते ते सांग." मी नऊ-दहा वर्षांची असेन. पिवळसर डिझेल थेंब थेंब चढायचं. मी मनातल्या मनात एक बाटली निवडायची आणि तिच्या बाजूने श्वास रोखून बसायची. माझी बाटली पुढे गेली की आनंदाने ओरडायची, आणि मामा तोच इंजेक्टर काढायला घ्यायचा. जी पहिली येते तीच बाद होते हे मला कितीतरी दिवस पटलं नव्हतं. तो म्हणायचा, "जास्त भरली म्हणजे जास्त वाया गेलं." मला वाईट वाटायचं ते त्या बाटलीसाठी.

एवढं सगळं आठवत होतं. बाटल्या, स्टूल, डिझेलचा डोकं जड करणारा वास, मामाचं कान लावून डोळे मिटणं. आठवत नव्हता तो खडू.

भाऊ पाणी पिऊन गेला त्या रात्री तो खडू आठवला. मामा गाडीखाली जायच्या आधी जमिनीवर खडूने चार आकडे लिहायचा, १ २ ३ ४, आणि प्रत्येकाखाली चाचणीगणिक एकेक खूण करत जायचा. कान लावून ऐकलं की एक खूण. कनेक्टर काढून बघितला की दुसरी. मीटर लावला की तिसरी. प्लग काढून रंग बघितला की चौथी. कान लावणं ही त्या रांगेतली पहिली खूण होती, आणि ती झाल्यावर मामा कधीही काही बोलायचा नाही. उठून पुढच्या कामाला लागायचा. मी लहानपणी बघितलं ते सगळं, पण जपून ठेवलं ते फक्त देखणं होतं तेवढं. डोळे मिटून ऐकणारा माणूस लक्षात राहिला. गुडघ्यावर बसून खुणा करणारा माणूस निसटला. मामा असता तर त्याला फोन केला असता. त्याऐवजी सकाळी भावाला केला आणि म्हटलं, "गाडी घेऊन ये, आणि या वेळी दिवसभराची सुट्टी काढून ये."

तो आला. मी जमिनीवर चार आकडे लिहिले.

स्कॅनर लावला तर कोड आधीचाच होता, पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. हा कोड कसा येतो ते भावाला पहिल्यांदाच समजावून सांगितलं. गाडीचा मेंदू सिलिंडरच्या आत डोकावत नाही. तो फक्त क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याची, गती मोजत असतो. प्रत्येक स्फोटासरशी क्रँकला एक धक्का मिळायला हवा. तिसऱ्याच्या पाळीला तो धक्का कमी पडतो, एवढंच त्याला कळतं. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही की व्हॉल्व्हमधून दाब निसटला, यातलं काहीही असू शकतं. तिसरी आणि दुसरी कॉइल आपसात बदलली. कोड तिसऱ्यावरच राहिला. भावाने हे बघितलं आणि काहीच बोलला नाही. दहा मिनिटांचं काम होतं, एक पैसाही न लागणारं, आणि ते महिन्यापूर्वी करता आलं असतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाऊन होणारा दाब, मोजलं, चारही जवळजवळ सारखे. म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगा सुटल्या.

मग एकेक कनेक्टर काढून इंजिनाचा जोर बघितला. पहिल्याचा काढला, इंजिन लटपटलं. दुसऱ्याचा, चौथ्याचा, तेच. तिसऱ्याचा काढला तेव्हा फेऱ्यांचा काटा किंचित हलला. पूर्ण मेलेला इंजेक्टर असता तर तेवढाही हलला नसता. (थेट सिलिंडरात पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांवर हे चालू गाडीत करू नये, तिथे इंजेक्टरला ६५ व्होल्टच्या आसपासचा झटका मिळत असतो.) मीटर लावून गुंडाळ्यांचा रोध मोजला, चारही १४ ओहमच्या आसपास. कनेक्टरमध्ये तपासणीचा छोटा दिवा खोचला, तो नियमित लुकलुकला, म्हणजे मेंदूकडून हुकूम येत होता. वीज ठीक, गुंडाळी ठीक, सुई हलतेय. आकड्यांखालच्या खुणा वाढत गेल्या आणि तिसऱ्याच्या खाली फक्त एकच फुली होती.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवून गेले ते स्कॅनरवरचे फ्युएल ट्रिमचे आकडे. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर बघून गाडीचा मेंदू पेट्रोल थोडं वाढवतो किंवा कमी करतो, त्या दुरुस्तीचे हे टक्के. शून्याच्या आसपास असले की बरं. आमच्या गाडीत आयडलवर अधिक ९ होते आणि चढावर जोर लावला की अधिक १६. कुठून चोरून हवा आत येत असती तर उलटं दिसलं असतं, आयडलवर आकडा मोठा आणि रेस दिल्यावर लहान, कारण इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की त्या चोरट्या हवेचा वाटा किरकोळ होतो. इथे मागणी वाढेल तसा तुटवडा वाढत होता. अर्थात सेन्सरलाही फक्त ऑक्सिजन कळतो. सिलिंडर पेटलाच नाही तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि पेट्रोल भरपूर असूनही सेन्सर "कमी आहे" म्हणतो. म्हणून या आकड्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. प्लग काढले. महिनाभरच चाललेले नवे प्लग. तिसऱ्याचा पोर्सेलीन पांढराफटक, कोरडा. बाकीच्या तिघांवर काजळीची हलकी झाक.

ते चार प्लग एका ओळीत ठेवून मी बराच वेळ बघत राहिले. चौघांना मिळून सेन्सर एकच. एकाला कमी पडतंय म्हणून मेंदूने सगळ्यांचंच पेट्रोल वाढवलं. ते ज्यांना नको होतं त्या तिघांना मिळालं, आणि ज्याला हवं होतं त्याच्या तोंडातून वाढीव हुकूमही तोकडाच उतरला. तिघं काळे पडले, एक पांढरा राहिला. घरातल्या एखाद्या माणसाचं दुखणं कुणी विचारलं नाही की सगळं घरच कसं बिघडतं, ते त्या क्षणी माझ्या मनात आलं, आणि शेजारी बसलेल्या भावाकडे बघायचं मी टाळलं.

शेवटी गेज. इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीला, म्हणजे रेलला, दाबाचा गेज लावला, पंपाने दाब ३ बारवर आणला, पंप बंद केला आणि प्रत्येक इंजेक्टर बाहेरून ठरावीक तेवढाच वेळ उघडला. दर वेळी दाब पुन्हा ३ वर आणून. पहिल्याला दाब अर्ध्या बारने उतरला, दुसऱ्याला तेवढाच, चौथ्याला तेवढाच. तिसऱ्याला काटा खाली निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. आवाज चारही वेळा तोच आला. टिक. मी गेजकडे बघत होते आणि कान आपोआप आवाजाकडे जात होता, आणि दोघांचं म्हणणं जुळत नव्हतं. ही चाचणी पुन्हापुन्हा करायची नसते, सोडलेलं पेट्रोल आत साचतं. मी ती एकदाच केली. एकदाच पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. रेल हलवून हलवून वर ओढली तेव्हा रबरी ओ-रिंगा आपल्या खोबणीतून एकेक करून निघाल्या, ओल्या चामड्यातून बोट सुटावं तसा आवाज करत. पेट्रोलचा थंडगार वास पसरला. तिसरा इंजेक्टर तळहातावर घेतला. करंगळीएवढा. टोकाला एक पातळ चकती, तिच्यात सुईच्या टोकाएवढी भोकं, दोन-तीन दशांश मिलिमीटरची. भिंग लावून बघितलं. भोकांच्या कडांवर तपकिरी, चकचकीत थर होता, लाखेसारखा. तो येतो गाडी बंद केल्यावर. चालू इंजिनात पेट्रोल वाहतं, टोक थंड राहतं. इंजिन बंद झालं की पेट्रोल थांबतं आणि इंजिनाची उष्णता वर चढते. टोकावर राहिलेला थेंब उडून जातो आणि त्यातला जड भाग तिथेच भाजून चिकटतो. भाऊ रोज दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारतो, बंद, चालू, बंद, चालू. एकेका थेंबाचा थर. १९६७ साली बॉशने विजेवर चालणारे इंजेक्टर फोक्सवॅगनच्या १६०० मॉडेलमध्ये मोठ्या प्रमाणावर आणले, आणि पुढे अशा गाड्यांची संख्या वाढली तसं हे थराचं दुखणं इतकं पसरलं की पेट्रोलमध्येच थर धरू न देणारी रसायनं घालायची पद्धत पडली. अमेरिकेत तर १९९५पासून ती सक्तीचीच झाली. तरीही थर धरतोच. उष्णतेला थेंब सापडला की झालं.

चारही इंजेक्टर तपासणीच्या टेबलावर लावून घेतले. काचेच्या चार उभ्या नळ्या, मागे दिवा. बटण दाबलं आणि तीन टोकांखाली धुक्याचे तीन शंकू उभे राहिले, इतके मऊ की हात घालून बघावंसं वाटावं. तिसऱ्याखाली एक वाकडी धार होती, काचेच्या एका बाजूला आपटून खाली ओघळणारी. तिच्यावरच मागचा प्रकाश पडला होता. भाऊ माझ्यामागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "हा बिचारा प्रयत्न तर करत होता." मला काही उत्तर सुचलं नाही.

अल्ट्रासोनिक टाकीत घालून साफ केले, आतल्या इवल्याशा जाळ्या आणि ओ-रिंगा नव्या घातल्या. तिसऱ्याचा शंकू परत आला, नळीतली पातळी बाकीच्यांच्या रेषेला लागली. मी समाधानाने बटण सोडणार होते, पण खडू आता डोक्यात बसला होता. फवारा बंद ठेवून नुसता दाब धरला आणि मिनिटभर बघत राहिले. तीन टोकं कोरडी. तिसऱ्याच्या टोकावर एक चमक आली, फुगली, लोंबकळली आणि पडली. थर निघाला होता, पण सुई तिच्या बैठकीवर पूर्ण बसत नव्हती. तो तसाच परत घातला असता तर आज गाडी छान चालली असती, आणि काही दिवसांनी गरम इंजिन सुरू करताना पेट्रोलचा वास आणि काळा धूर आला असता. भावाला म्हटलं, हा एक नवा घ्यावा लागेल. तो म्हणाला, "घेऊ." मी म्हटलं, "याची मात्र मला खात्री आहे, बघ हा थेंब." त्याने वाकून थेंब बघितला. मला तो त्याला दाखवायचाच होता. माझ्या शब्दावर त्याने आता काही घ्यावं असं मला वाटत नव्हतं.

नवा इंजेक्टर बसवला. ओ-रिंगांना इंजिन ऑइलचं बोट लावलं, रेल दाबून बसवली, बोल्ट आवळले, इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा फिरवून दाब भरला आणि सांध्यांवर कोरडं फडकं फिरवून बघितलं. कोरडंच राहिलं. मग भावाने गाडी सुरू केली. थरथर नव्हती. स्टेअरिंगवर हात ठेवून तो नुसता बसून राहिला, एखादी ओळखीची व्यक्ती बऱ्याच दिवसांनी नीट बोलावी तसा चेहरा करून. ट्रिमचे आकडे हळूहळू खाली यायला लागले, ९, ६, ३. जुना इंजेक्टर मी माझ्या टेबलावर ठेवलाय. पिशवीतले प्लग आणि कॉइल भावाच्या गाडीच्या डिकीत आहेत, लागतील कधीतरी.

बोनेट पाडायच्या आधी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. मूठ कानाजवळ, टोक तिसऱ्यावर. डोळे उघडे ठेवून ऐकलं. टिक टिक टिक टिक. जुन्याचा आवाज कानात होताच. दोघांत मला काहीच फरक करता आला नाही.

"कसा आहे?" भावाने आतून विचारलं.

"सुई हलतेय," मी म्हटलं. "चल, चढावर नेऊन बघू."